डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त जागा

१

कुणीतरी या साक्षीदाराला फोडलं होतं. आणि ज्यानं कुणी हे केलं, त्यानं इतक्या सफाईनं केलं होतं की सावनीचं डोकं भणाणून गेलं. धमकीचा फोन नाही, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली अनोळखी गाडी नाही, कुणाच्या घरात अचानक आलेला फ्रिज नाही. तरी माणूस फिरला.

माणूस म्हणजे बद्रीनाथ. सिडकोतल्या वकिलांच्या ऑफिसात तो खुर्चीच्या कडेवर टेकून स्वतःचाच जबाब ऐकत होता. दूरच्या नात्यातल्या कुणाचं नाव आठवत नसावं तशा त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

वाळूजच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात गेल्या हिवाळ्यात, दुसऱ्या पाळीत आग लागली होती. तेजाबाचा धूर शेडभर पसरला आणि मागच्या दारापाशी माणसं गुदमरून मेली. मालकाचं म्हणणं, दार उघडंच होतं, लोक घाबरून भलतीकडे पळाले. वाचलेल्यांचं म्हणणं, दाराला बाहेरून कुलूप होतं. सगळा खटला त्या एका दारावर टांगलेला होता आणि सुनावणी पुढच्या आठवड्यावर आली होती.

"दाराचं काय इचारता, ते नाय ध्यानात," बद्रीनाथ म्हणाला. "कामाला होतो, तेवढं खरं."

वकील सुलेखाताईंनी त्याच्या हातांकडे बोट केलं. दोन्ही तळव्यांची कातडी गुलाबी, चकचकीत, ताणून चिकटवल्यासारखी झाली होती. हेच तळवे त्यानं तापलेल्या पत्र्याच्या दारावर आपटले होते. तसं त्यानंच, सुलेखाताईंसाठी जबाब चित्रित करणाऱ्या सावनीच्या कॅमेऱ्यासमोर, हुंदके देत सांगितलं होतं.

बद्रीनाथनं हात उलटसुलट करून पाहिले.

"भाजले असतील कशानंतरी," तो म्हणाला आणि अवघडून हसला.

खोटं बोलणारा माणूस समोरच्याच्या नजरेत पाहणं टाळतो. बद्रीनाथ सरळ सावनीकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि घरी जाताना रिक्षात सावनीला राहून राहून खटकत होतं ते तेच.

२

रेकॉर्डिंगच्या बाबतीत सावनी हट्टी होती. त्याला कारण होतं.

बद्रीनाथचा पहिला जबाब तिनं घाईघाईत घेतला होता. कॅमेऱ्याला जोडलेली एसएसडी ड्राइव्ह कॉलेजच्या फिल्मपासूनच्या फुटेजनं काठोकाठ भरलेली. जागा हवी म्हणून तिनं एकेक क्लिप पुसली आणि सुरू केलं. बद्रीनाथ "दाराला बाहेरून" इथवर आला आणि चित्र अडखळलं. फ्रेम गळाल्या. पुढं दिसला तो एकदम पाणी पिणारा बद्रीनाथ. सुलेखाताईंनी ते पाहून लॅपटॉप मिटला होता. समोरचा वकील याला कापाकापी म्हणणार आणि आपल्याकडे उत्तर नसणार, एवढंच त्या बोलल्या.

मग सावनीनं त्या ड्राइव्हचा स्वभाव शिकून घेतला. भरत आली की ती मंदावते. एकेक फाइल पुसली तर वरवर जागा दिसते, पण आत जुनं तसंच पडून राहतं आणि ऐन वेळी आडवं येतं. तापली की दमते. म्हणून शिस्त. प्रत्येक जबाबानंतर दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी. दोन्हींचा आकार ताडून पाहायचा. सुरुवात, मध्य, शेवट हेडफोन लावून ऐकायचा. मग ड्राइव्ह कॅमेऱ्यातच संपूर्ण फॉरमॅट करून कोरी करायची आणि थोडा वेळ तशीच जोडून ठेवायची, म्हणजे ती स्वतःला आतून साफ करते. उन्हाळ्यात ती स्टीलच्या उपड्या ताटावर ठेवायची, ताट उष्णता ओढून घेतं. हे सगळं तिनं इतक्यांदा केलं की विचार करायची गरज उरली नाही. तिला तेच हवं होतं. दमलेल्या डोक्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा सवयीच्या हातावर ठेवलेला बरा.

खरं एकदा अखंड नोंदलं गेलं, एकाही फ्रेमची गळती न होता, की पुढचं आपोआप होतं, असं तिला मनापासून वाटायचं. बद्रीनाथचा दुसरा जबाब तसा होता. काचेसारखा स्वच्छ.

एकच गोष्ट तिच्या नजरेत आली होती आणि तिनं ती सोडून दिली होती. त्या जबाबानंतर फॉरमॅट केल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा, रेकॉर्डिंगसाठी 'उरलेला वेळ' आधीपेक्षा थोडा जास्त दिसत होता.

३

आशाबाई बजाजनगरात एका खोलीत राहायची. तिचा नवरा इंद्रजीत त्या दारापाशीच गेला. तिचा जबाब सगळ्यांत मोलाचा, कारण इंद्रजीतनं आतून तिला फोन केला होता. आशे, दार बाहेरून लावलंय, चावी वॉचमन सर्जेरावकडं असती, त्याला सांग. एवढं बोलून तो खोकत राहिला होता, आणि तिनं फोन ठेवलाच नव्हता. खोकला थांबल्यावरही किती तरी वेळ ती ऐकत बसली होती. हे सांगताना कॅमेऱ्यासमोर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

टाइप केलेल्या जबाबावर सही घ्यायला सावनी गेली तेव्हा आशाबाई भांडी घासत काहीतरी गुणगुणत होती. हात पुसून तिनं कागद घेतला, ओठ हलवत वाचला आणि परत दिला.

"हे कुणाचं हाय, ताई?"

सावनीला आधी वाटलं, ती चेष्टा करतेय. मग वाटलं, घाबरलीय. दार लावून घेऊन तिनं हलक्या आवाजात विचारलं, कुणी येऊन गेलं का, काही बोललं का. आशाबाई नुसती मान हलवत राहिली. नवरा गेला ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, दवाखान्यातनं निरोप आला तेव्हा. फोन कुठला? तिला काही फोन आला नव्हता.

तेव्हा सावनीनं लॅपटॉप उघडला. हे करायला नको होतं, असं तिला नंतर वाटत राहिलं.

आशाबाईनं स्वतःचा जबाब शेवटपर्यंत पाहिला. मध्ये एकदा तिनं डोळेही टिपले. संपल्यावर ती पडद्याच्या जवळ झुकली.

"लई रडतीय बिचारी," ती म्हणाली. "कोण हाय ही? माझ्यावानीच दिसती."

खोलीत तेच कॅलेंडर होतं, तोच निळा ड्रम, तीच साडी दोरीवर वाळत होती. पडद्यावरच्या बाईच्या मागं जे जे होतं ते सगळं या बाईच्या मागंही होतं. सावनीनं लॅपटॉप बंद केला आणि पाणी मागितलं. आशाबाईनं माठातलं गार पाणी दिलं आणि विचारलं, की ताई, तुमचा चेहरा असा का झाला.

४

"आता तुझं म्हणणं काय, की ड्राइव्हनं खाल्लं?"

सिडकोतल्याच कॅनॉटमध्ये केयूरचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान होतं. कॉलेजपासूनचा मित्र. सावनीनं असलं काही म्हटलं नव्हतं. तिनं फक्त ड्राइव्ह तपासायला दिली होती आणि दोघांचं बोलणं फिरल्याचं सांगितलं होतं. पण केयूरला तिच्या न बोललेल्या वाक्यावर हसायची जुनी खोड होती.

तिची स्वतःची बुद्धी तिच्याशी नीट वागत होती. दुःखानं माणूस विसरतो, याची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. धाकानं विसरल्याचं सोंग करतो, याची तर कोर्टं भरलेली आहेत. दोन माणसं म्हणजे काही नियम नव्हे. तरी आदल्या दिवशी, तिला परत आठवतं का पाहावं म्हणून, तिनं आशाबाईच्या जबाबाची एक कॉपी पुन्हा ड्राइव्हवर चढवून तिला फोन केला होता. आशाबाईनं आपुलकीनं चौकशी केली, आणि इंद्रजीतच्या फोनचं विचारताच म्हणाली, तुम्ही सारखं तेच का इचारता, ताई.

केयूरनं ड्राइव्हची गती मोजली. पुन्हा मोजली. मग खुर्ची पुढं ओढली.

"भाई, नवी असताना पण इतकी पळत नाही कुठली." त्यानं पडद्यावरच्या एका आकड्याला नख लावलं. "आणि हे बघ. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त जागा. ही काय व्यायाम करते का?"

"चुकत असेल तुझं सॉफ्टवेअर."

"असेल. पण जास्त मिळतंय ना? फिर कायको टेन्शन?"

तो ड्राइव्ह काढून देऊ लागला तेव्हा तिच्या मनात आलं ते तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. ड्राइव्ह नवीन होती तेव्हा, आवाज तपासायला म्हणून केयूरच कॅमेऱ्यासमोर बसला होता. शाळेच्या सहलीत पैठणला तो धरणाच्या पाण्यात पडला, एका पहारेकऱ्यानं कॉलरला धरून बाहेर काढलं, तो किस्सा त्यानं हातवारे करकरून सांगितला होता. ती क्लिप तिनं कॉपी केली होती. मग कामाला घेण्याआधी अर्थातच ड्राइव्ह फॉरमॅट केली होती.

"तू पैठणला पाण्यात पडला होतास ना रे लहानपणी?"

"मी?" केयूर हसला. "मी कधी पैठणला गेलोच नाही. जायकवाडीचं पाणी मी फक्त नळाला बघितलंय, आणि ते पण आठवड्यातून एकदा."

तीही हसली. त्याच्या विनोदाला ती नेहमीच हसायची. ती क्लिप लॅपटॉपमध्ये होती, लॅपटॉप पिशवीत होता, पिशवी खांद्याला. तिनं ती काढली नाही.

यापुढं फॉरमॅट करायचं नाही, हे तिनं जिना उतरताना ठरवलं. कुणी कारण विचारलं असतं तर तिला ते शब्दांत सांगता आलं नसतं, म्हणून तिनं ते कुणाला सांगितलंही नाही.

५

आता उरला होता सर्जेराव, कारखान्याचा वॉचमन. दोघांचे जबाब होते, पण जबाब देणारी माणसं नव्हती, आणि सुलेखाताईंनी तिला स्पष्ट बजावलं होतं की पडद्यावरच्या माणसाची उलटतपासणी होत नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हाडामांसाचा माणूस लागतो, आणि त्याच्या डोक्यात ते सगळं लागतं. सर्जेराव उभा राहिला तर दार कुलूपबंद होतं हे सिद्ध होणार. नाही तर मेलेली माणसंच स्वतःच्या मरणाला जबाबदार ठरणार.

सर्जेराव इतके महिने कुणाला दारात उभं करत नव्हता. आणि आता अचानक त्याच्या बायकोचा, मनकर्णाबाईचा फोन आला. ते या म्हणतायत, आजच या.

चिकलठाण्याच्या जुन्या गावात, विमानतळाच्या भिंतीपासून जवळच दोन खोल्यांचं घर. भर दुपार. मनकर्णाबाईनं आतल्या खोलीत नेलं. सर्जेराव लोखंडी खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली, आणि उजव्या हाताच्या बोटांची हाडं खाटेच्या दांडीवर आपटत होता. टक टक. टक टक टक. सावनीनं आवाजासाठी कूलर बंद करायला सांगितलं. कूलर थांबला तशी टकटक मोठी झाली.

"हात मांडीवर घ्याल का, काका? आवाज पकडतो माइक."

"अं? व्हय व्हय." त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

सावनीनं रेकॉर्डिंग सुरू केलं. ड्राइव्हवर भरपूर जागा होती, कधी नव्हती एवढी.

तो सांगू लागला. माल चोरीला जातो म्हणून पाळी चालू असली की मागच्या दाराला कुलूप घालायचं, असा वरून हुकूम होता. आग लागली तसा त्यानं साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, थांब, मी निघालोय, माझ्याबिगर दाराला हात लावू नको, माल बाहेर जाईल.

"चावी कुठं होती, काका?"

"माझ्या मुठीत."

सावनीनं त्याला घाई केली नाही. एरवी तिनं केली असती.

"म्या थांबलो," तो म्हणाला. "हुकूम होता ना. आतून वाजवत होते. आधी सगळेच वाजवत होते, पत्रा हालत होता. मंग थोडे ऱ्हायले. मंग एकच." त्यानं मान वर केली. "तो एकटा लई येळ वाजवत होता, पोरी. लई येळ."

मनकर्णाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे ओठ त्याच्या शब्दांबरोबर हलत होते.

६

सगळं काचेसारखं उतरलं होतं. साहेबाचं नाव, कुलूप, मुठीतली चावी, सगळं. सावनी बाहेरच्या खोलीत आली तेव्हा तिचे कान तापले होते. आपण जिंकलो, असं तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं आणि तिला त्याची लाज वाटत होती. सोमवारी सुनावणीला या माणसाला गाडीत घालून आणायचं, वाटेत एकटं सोडायचं नाही, सकाळी सुलेखाताईंशी एकदा बोलणं करून द्यायचं. फरशीवर मांडी घालून तिनं कॅमेरा, लॅपटॉप, दुसरी हार्डडिस्क मांडली आणि कॉपी सुरू केली.

मनकर्णाबाईनं चहा केला. एक कप तिला दिला, एक आत नेला. अर्धवट लोटलेल्या दारातून सर्जेराव दिसत होता. आतून टकटक येत होती. हळू, मधूनच थांबून, पुन्हा.

सावनीनं हेडफोन लावले. सुरुवात. मध्य. सर्जेराव सांगत होता, हात मांडीखाली होते, आणि त्याच्या आवाजामागं, लांबून, कुणीतरी पत्र्यावर वाजवत होतं. रेकॉर्डिंग करताना तिला ते ऐकू आलं नव्हतं. टकटक माइकमध्ये गेलीच शेवटी, असं तिनं स्वतःशी म्हटलं, आणि मग हात मांडीखाली होते हे तिच्या लक्षात आलं. तिनं हेडफोन काढले. टकटक चालूच होती. तिनं दारातून आत पाहिलं.

सर्जेरावच्या दोन्ही हातांत चहाची बशी होती. तो फुंकर मारत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

टक टक. टक.

ती पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली, कारण कशाकडे तरी वळायला हवं होतं. आकार ताडला. जुळला. शेवट ऐकायचा राहिला होता, तो तिनं हेडफोन न लावता, नुसता चित्रावर पाहिला. कान आतल्या खोलीकडे, मन सोमवारकडे, आणि हात आपल्या नेहमीच्या वाटेनं चालला होता. केबल सरळ केली. मेनू. खाली, खाली. पडद्यानं विचारलं, सगळं पुसायचं का? तिचा अंगठा ते वाचेपर्यंत थांबला नाही. कधीच थांबत नसे.

टकटक थांबली.

कारखान्याची पाळी सुटल्यावर यंत्रं थांबतात तशी नाही. मधेच, एका ठोक्याला अर्ध्यावर ठेवून.

सावनीनं पडद्याकडे पाहिलं. 'उरलेला वेळ' पुन्हा वाढला होता. तिनं बटणं दाबली, मागं जायला काही असतं का ते शोधलं, तसं काही नसतं हे तिला माहीत होतं. दोन कॉपी होत्या. दोन्ही अखंड होत्या. एकही फ्रेम गळाली नव्हती.

आतून सर्जेरावचा आवाज आला, मोकळा, झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

"कूलर का बंद केला गं? लई उकडतंय."

तो बाहेर आला. सावनीला पाहून थबकला, आणि बाईमाणूस समोर आहे म्हणून सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"कोण पायजे, ताई?" त्यानं आदबीनं विचारलं. मग हसून तो पाणी प्यायला मोरीकडे गेला. जाताना त्यानं आपली उजवी मूठ उघडून एकदा पाहिली. बोटांच्या हाडांवर सालटं निघाली होती. त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं.

मनकर्णाबाई मधल्या दारात उभी होती, मान किंचित कलती, श्वास रोखल्यासारखी. ती ऐकत होती. मोरीतलं पाणी, बाहेर रस्त्यावरची एक रिक्षा, वरून उतरणारं विमान. तेवढंच होतं ऐकायला.

सावनी उठून तिच्यापाशी गेली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. काकू, तुम्हाला माहितीय ना सगळं? चावीचं, हुकुमाचं, त्या एकट्या माणसाचं? तुम्ही शेजारी झोपता, तुम्हाला ते रोज सांगत असतील. तुम्ही सोमवारी याल? नुसतं यायचं, जे ऐकलंत ते बोलायचं, मी बरोबर असेन. आता तुम्हीच आहात, काकू. दुसरं कुणी नाही.

मनकर्णाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. मोरीत उभा राहून तो डोक्यावर तांब्या ओतून घेत होता आणि गार पाण्यानं शहारून हसत होता. मग ती सावकाश आत गेली. खाट सरळ केली. कॅमेरा सावनीनं उंबऱ्याशीच ठेवला होता, तो तिनं दोन्ही हातांनी, परातीतलं पीठ उचलावं तसा उचलून सावनीच्या हातात दिला आणि स्वतः खाटेवर, नवरा बसला होता तिथं, जाऊन बसली. पदर डोक्यावर सारखा केला.

"माझं बी घ्या, ताई," ती म्हणाली. "रोज ऐकून ऐकून मला बी पाठ झालंय, आन् मला बी जरा झोप पायजे."